मे महिन्याची किड्यांची वही

परसात कागदी लिंबाचं झाड असेल तर त्याचं एक कोवळं, जरासं आकसलेलं पान तोडा आणि उन्हाकडे धरून बघा. पानावर एक चंदेरी वाट दिसेल, वळणावळणाने फिरत गेलेली. ती वाट आता सावकाश वाचा. एका टोकाला ती दोऱ्याइतकी बारीक आहे. तिथून निघाली की हळूहळू रुंद होत जाते. तिच्या मधोमध एक काळसर बारीक रेघ आहे. आणि जिथे वाट संपते, तिथे पानाची कड किंचित आत दुमडलेली आहे.

कुणी काढलं हे? नागअळीने. तिची आई म्हणजे एक रुपेरी पतंग, पंख पसरूनही तुमच्या नखाएवढा होणार नाही असा. तिने पानावर अंडं घातलं. अळी बाहेर आली आणि थेट पानाच्या आत शिरली. पानाच्या अगदी वरच्या पातळ पापुद्र्याखालच्या पेशींचा रस पीत ती पुढे सरकली. जन्मली तेव्हा ती इवलीशी होती, म्हणून वाट बारीक. रोज वाढत गेली, म्हणून वाट रुंद. मधली काळी रेघ ही तिची विष्ठा. दुमडलेली कड म्हणजे तिने कोशात जाण्यासाठी केलेली खोली. एका जिवाचं अख्खं बालपण, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, क्रमाने मांडलेलं. आणि ते कुठे घडलं? दोन-तीन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, तेवढ्या जाडीच्या पानात!

दुमडलेली कड रिकामी असल्याची खात्री करा, मग हे पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि वहीत चिकटवा. तुमच्या किड्यांच्या वहीचं पहिलं पान तयार झालं. यात एकही किडा मेला नाही, एकही पकडावा लागला नाही.

मे महिन्यात दोडामार्ग तालुक्यातली घरं भरतात. मुंबईहून, पुण्याहून, पणजीहून नातवंडं येतात. आंबे, फणस, करवंदं, जांभळं, रातांबे यांत दिवस कसे जातात कळत नाही. सुट्टीची आठवण म्हणून फोनमध्ये शेकडो फोटो साठतात आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की ते कुणी उघडून बघत नाही. त्याऐवजी एक जाड पानांची चित्रकलेची वही घ्या आणि तिच्यात फक्त किड्यांच्या खुणा गोळा करा. सोडून दिलेली कात, कुरतडलेलं पान, रिकामं घरटं, गळलेला पंख. किडे आपल्या मागे किती काय ठेवून जातात, हे कळलं की माणूस थक्क होतो. यातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात एक गोष्ट आहे, आणि त्या गोष्टी इथे कोपऱ्याकोपऱ्यावर पडलेल्या आहेत.

इथेच का? नकाशा बघा. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक जिथे एकमेकांना भेटतात, तिथे हा तालुका आहे. पाठीशी सह्याद्री, मधून तिलारी नदी, उतारावर काजू आणि आंबा, ओहोळाकाठी माडा-पोफळीच्या बागा. २०२० साली तिलारीचं जवळपास साडेएकोणतीस चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. बांबर्डे-हेवाळ्याच्या बाजूला मायरिस्टिकाची दलदल आहे, म्हणजे चिखलातून वर मुळं काढून श्वास घेणाऱ्या झाडांचं प्राचीन जंगल. अशा जागी फक्त बघायचं, तिथलं पानही उचलायचं नाही. तशी गरजही नाही. वही भरायला आपलं खळं, आपली पडवी आणि परसातली पाच-सहा झाडं पुरून उरतात.

वहीचं पान कसं मांडायचं? याचं उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वी एका मुलीने शोधलं. फ्रँकफुर्टची मारिया सिबिला मेरियन. १६६० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने रेशमाचे किडे पाळून त्यांची निरीक्षणं सुरू केली. किडे चिखलातून, कुजक्या घाणीतून आपोआप जन्मतात असं त्या काळी शिकलेली माणसंही मानत होती. मेरियनने अंडं, अळी, कोश आणि पंख फुटलेला किडा हे चारही टप्पे डोळ्यांनी बघितले आणि एकाच कागदावर काढले. शिवाय ती अळी जे झाड खाते, तेही त्याच कागदावर. आज हे आपल्याला साधं वाटतं. तेव्हा ही केवढी मोठी झेप होती! १६९९ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, ती धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि १७०५ मध्ये तिथल्या कीटकांचा साठ चित्रांचा ग्रंथ तिने छापला. एक झाड, एक पान आणि त्या झाडावर जगणारे सगळे. मेरियनचा हा नियम आपणही उचलू या.

तर लिंबाच्या पानावर नागअळीच्या शेजारी आणखी कोण येईल? त्याच झाडावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसते का बघा. काळपट तपकिरी, मध्ये पांढरा डाग, ओलसर चकाकी. आता एक काडी तिच्याजवळ हलकेच टेकवा. विष्ठा मान उचलेल! आणि डोक्यामागून नारिंगी-तांबड्या रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडेल. ती फुलपाखराची अळी आहे. लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणाऱ्या कित्येक फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी हे सोंग घेतात, कारण विष्ठेवर चोच मारायला कुठला पक्षी येईल? मोठी झाली की तीच अळी कात टाकून पानासारखी हिरवी होते, कारण एवढ्या मोठ्या आकाराची विष्ठा कुणालाच खरी वाटणार नाही. हा हिशेब अळीने केलेला नाही. लाखो पिढ्यांमधून ज्या वाचल्या, त्यांचा हा हिशेब आहे.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मॉन, हे राज्य फुलपाखरू ठरवलं. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं ते देशातलं पहिलं राज्य. काळ्या मखमली पंखांवर निळे पट्टे मिरवणारा हा देखणा जीव लहानपणी याच विष्ठेच्या वेषात लिंबाच्या आणि माकडलिंबाच्या पानावर बसलेला असतो.

लिंबावरच्या त्या अळीला त्रास न देता रोज एकदा बघून या आणि वहीत रोज एक छोटं चित्र काढा. चित्र चांगलं येणं महत्त्वाचं नाही, तारीख महत्त्वाची. एक दिवस ती कमरेभोवती रेशमाचा एकच धागा बांधून काडीला तिरकी टेकलेली दिसेल. दुसऱ्या दिवशी तिथे कोश असेल. हिरव्या गुळगुळीत फांदीवर तो बहुधा हिरवा होतो, खरखरीत काडीवर बहुधा तपकिरी. आणि आत? आत अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळून जातो. जन्मापासून तिच्या अंगात पेशींचे काही छोटे गठ्ठे झोपून असतात. ते आता जागे होतात आणि त्यांतून पंख, लांब पाय, मिशा, सोंड तयार होते. चावून खाणारं तोंड जाऊन चोखून पिणारं येतं. एकाच जिवाची दोन शरीरं! फुलपाखरू उडून गेलं की रिकामा कोश काडीसकट वहीत बांधा. पातळ पापुद्र्यावर नीट बघा: पंख, मिशा आणि सोंड कुठे दुमडून ठेवली होती, त्यांचे ठसे दिसतात.

आता आंब्याखाली चला. हुमल्यांचा, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचा, प्रसाद ज्याने खाल्ला नाही, असा कोकणातला माणूस विरळाच. आंबे काढायला झाडावर चढलं की ते मानेवर उतरतात, चावतात आणि चाव्यावर फॉर्मिक आम्ल शिंपडतात. या रागीट प्राण्याचं घरटं मात्र जगातल्या थोर वास्तूंमध्ये धरावं असं आहे. जिवंत पानं वाकवून, एकमेकांना जोडून केलेला गोळा. पानं जोडायची कशी? एक मुंगी एका पानाची कड पायांनी धरून ठेवते आणि शेजारच्या पानाकडे जबडा लांबवते. नाहीच पुरलं तर दुसरी मुंगी तिच्या कमरेला धरते, तिच्या कमरेला तिसरी. जिवंत साखळी तयार होते. अशा कित्येक साखळ्या शेजारी शेजारी उभ्या राहून एकाच दिशेने ओढतात आणि पानाच्या कडा एकमेकींना भिडतात.

पण चिकटवायचं कशाने? मोठ्या हुमल्यांना रेशीम काढता येत नाही. ते फक्त त्यांच्या अळ्यांना येतं. मग कामकरी मुंग्या घरातून बाळं आणतात! एक-एक अळी जबड्यात अलगद धरून तिचं डोकं या पानाच्या कडेला टेकवायचं, मिशांनी थोपटायचं, ती रेशीम सोडते. मग त्या कडेला टेकवायचं, परत थोपटायचं. असं शेकडो वेळा मागे-पुढे. इतर बऱ्याच मुंग्यांच्या अळ्या त्या रेशमाने स्वतःभोवती कोश विणतात. हुमल्यांच्या अळ्या तो विणत नाहीत. त्यांचं सगळं रेशीम घराला जातं.

पानं वाळून तपकिरी झाली की हुमले ते घरटं सोडतात आणि हिरव्या पानांत नवं बांधतात. सोडलेलं घरटं वाऱ्याने खाली पडतं. ते काठीने हलवून कुणी आत नाही याची खात्री करा, एक दिवस उन्हात ठेवा आणि मग दोन पानांचा जोड कापून घ्या. जोडावर पांढरट, घट्ट, कागदासारखं कापड आहे. बोटाने ओढून बघा, सहज फाटत नाही. वहीत तो जोड चिकटवताना शेजारी काजूचं एक पानही लावा, तांबूस-काळे डाग पडलेलं. ते डाग ढेकण्या किडीने कोवळ्या पालवीतला रस चोखला त्याचे. ज्या काजूवर हुमल्यांचा राबता असतो, तिथे ढेकण्याचं फावत नाही. ही युक्ती दक्षिण चीनच्या बागायतदारांनी फार लवकर ओळखली. इसवी सन ३०४ च्या सुमाराच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात संत्र्यांच्या झाडांवर सोडण्यासाठी अशा मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. किडीवर कीड सोडण्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. आपल्या आंब्यावर तीच फौज फुकट राखण करते आहे!

दुपारी जंगलाकडून एक सलग, कान किटवणारा आवाज येतो. तो सिकाडाचा. गाणारा दिसत नाही, पण त्याने काढून ठेवलेले कपडे झाडाच्या बुंध्यावर नेमके डोळ्यांच्या उंचीवर सापडतात. तपकिरी, पारदर्शक, पायांच्या नख्या सालीत रुतवून बसलेली कात. ती काढताना घाई करू नका, एक-एक पाय सोडवा. मग हातावर घेऊन भिंगातून बघा.

पुढचे पाय बघा, केवढे जाड आणि काटेरी! ते खणण्याचे पाय आहेत. या जिवाने काही वर्षं जमिनीखाली, अंधारात, मुळांमधला पाणीदार रस पीत काढली. मग एका संध्याकाळी तो वर आला, झाडावर चढला, नख्या रुतवल्या आणि त्याची पाठ उभी फाटली. फटीतून पंख असलेला सिकाडा बाहेर आला. आता डोळ्यांच्या जागी बघा. तिथे दोन स्वच्छ पारदर्शक टोप्या आहेत, म्हणजे डोळ्यांवरचं आवरणसुद्धा त्याने उतरवलं. आणि फाटलेल्या पाठीच्या आत बघा. पांढरे, बारीक, लोंबणारे धागे दिसतात ना? किड्यांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या भोकांमधून हवा आत नेणाऱ्या नळ्यांचं जाळं असतं. ते धागे म्हणजे त्या श्वासनळ्यांचं आतलं अस्तर. जुना श्वास सोडून नवा घेणं ही आपल्याकडे बोलायची गोष्ट आहे. सिकाडा खरोखरच श्वासनळ्यांचं अस्तर उपसून बाहेर टाकतो आणि नव्या अस्तराने श्वास घेत उडून जातो!

आणि तो आवाज? पोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कंगोरे असलेला एक-एक पडदा असतो. स्नायू तो आत ओढतो: टक्. सोडतो: टक्. सेकंदाला शेकडो वेळा. नराचं पोट बरंचसं पोकळ असतं, त्यात हा आवाज घुमून मोठा होतो. गातो तो नर, ऐकते ती मादी. वहीत कात चिकटवा आणि खाली लिहा: कोणत्या झाडावर, जमिनीपासून किती वितींवर, तोंड वर होतं की खाली. दहा काती झाल्या की तुमच्याच वहीतून एखादा नियम डोकं वर काढू लागेल.

अंगणात गुलाब असेल तर त्याची पानंही तपासा. काही पानांच्या कडेला इतके सुबक गोल कापलेले असतात की मुलांवर आळ यावा. हे काम पानं कापणाऱ्या एका माशीचं. ती मधमाशीच्या नात्यातली, पण एकटी राहणारी. कडेवर बसते, जबड्याने काही क्षणांत तुकडा कापते आणि पायांत धरून उडून जाते. कुठल्या तरी भोकात ती एकेक खोली बांधत असते. खोलीच्या भिंतींना लांबट तुकडे, आत परागकण, मध आणि एक अंडं, आणि वर झाकणाला अगदी गोल तुकडा. तुमच्या पानावरचे काप मोजा. लांबट किती, गोल किती? तिने भिंत बांधताना हे पान वापरलं की झाकण लावताना, हे तुम्हाला पानावरून सांगता येईल. परकार नाही, पट्टी नाही, नमुना नाही. तरी माप चुकत नाही.

पडवीच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या गजावर मातीचं बोराएवढं मडकं दिसेल, बारीक गळा आणि बाहेर वळलेले काठ असलेलं. ते कुंभारमाशीचं. ती पोटात पाणी आणते, कोरड्या मातीत मिसळते आणि चिखलाचे वळे एकावर एक रचते. मडकं झालं की आधी आत एका धाग्याला टांगून अंडं ठेवते. मग शिकारीला निघते. अळ्यांना नांगी मारते, पण मारून टाकत नाही, लुळ्या करते. म्हणजे त्या सडत नाहीत, ताज्या राहतात. मडकं भरलं की तोंड बंद. बाळ अंड्यातून बाहेर येतं तेव्हा फडताळ भरलेलं असतं. भिंतीवरच्या मडक्याला बाजूने भोक असेल तर बाळ मोठं होऊन निघून गेलं असं समजा. असं रिकामं मडकं वहीत दाबता येत नाही. म्हणून एका जाड पुठ्ठ्याला खिडकी कापा, त्यात ते बसवा आणि तो पुठ्ठा पान म्हणून वहीत शिवून टाका.

आता पंख. खळ्यातल्या दिव्याखाली, पाली आणि वटवाघळं रात्री जेवून गेली की सकाळी पतंगांचे पंख पडलेले असतात. एक पंख उचला. बोटाला पावडर लागली? ती पावडर म्हणजे खवले. आपल्या घरांवर कौलं जशी एकमेकांवर चढवून रांगांनी बसवलेली असतात, तसे हे खवले पंखावर बसवलेले असतात. प्रत्येक खवला एकाच पेशीने घडवलेला आणि बहुधा एकाच रंगाचा. जवळ जाऊन बघितलं तर फक्त एकेका रंगाचे ठिपके. दूर गेलं की डोळा, पट्टा, नक्षी.

हे खवले कागदावर उतरवता येतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपात ही कला रंगली होती. जाड कागदावर डिंकाचा अगदी पातळ थर द्या, तो अर्धवट सुकू द्या, पंख हलकेच ठेवा, वर बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीने चोळा. वाळल्यावर चिमट्याने पंख उचला. शिरांचा पारदर्शक पापुद्रा हातात येतो आणि रंग कागदावर राहतो! १९०० साली अमेरिकेत शर्मन डेंटन यांनी फुलपाखरांचं एक पुस्तक काढलं, त्यातली रंगीत चित्रं छापलेली नव्हती. प्रत्येक प्रतीत खऱ्या पंखांचे खवले हाताने उतरवलेले होते. त्यासाठी त्यांना ५०,०००हून अधिक ठसे घ्यावे लागले. यात एक गंमत आहे. ठशात खवल्यांची खालची बाजू वर येते. रंगद्रव्याचे तपकिरी, पिवळे रंग तसेच दिसतात. झळाळणारा निळा किंवा हिरवा मात्र बहुतेकदा मंदावतो, कारण ती झळाळी रंगाची नसते. खवल्यावरच्या अतिसूक्ष्म कंगोऱ्यांवरून प्रकाश परतताना ती तयार होते. खवला उलटला, कंगोरे खाली गेले, झळाळी विझली.

डेंटन यांनी ठशांसाठी फुलपाखरं मारली. आपल्याला ते करायचं नाही, आणि कायदाही करू देत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक फुलपाखरांना संरक्षण दिलं आहे. म्हणून ठसा घ्यायचा तो दिव्याखालच्या नेहमीच्या पतंगांचा. पंख ओळखीचा नसेल तर फोटो काढा आणि पंख तिथेच ठेवा.

वळवाचा पाऊस झाला की दिव्याभोवती आणखी काही पाहुणे येतात आणि सकाळी पायरीवर पारदर्शक पंखांचा सडा पडतो. हे वाळवीचे. ते पंख कुणी तोडलेले नसतात. पंखाच्या मुळाशी जन्मतःच एक कमकुवत रेघ असते. उड्डाण संपलं की वाळवी स्वतःच त्या रेघेवर पंख मोडून टाकते. आयुष्यात एकदाच, थोडा वेळ उडायचं, जोडीदार शोधायचा आणि मग कायमचं जमिनीखाली जायचं. त्यातली एखादीच जोडी राजा-राणी होते आणि नवं वारूळ उभं राहतं. इथे त्याला रोयण म्हणतात. दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्याच्या कित्येक गावांत सातेरी देवीची पूजा या रोयणीच्या रूपातच होते. रोयणीच्या पोटात वाळवी बुरशीची शेती करते, चघळलेल्या पाना-लाकडाच्या वाफ्यांवर. पावसात तीच बुरशी जमिनीतून छत्र्या काढून वर येते आणि आपण तिला रोयणीची अळमी म्हणून चवीने खातो. या जातीची अळमी वाळवीच्या घराखेरीज कुठेच उगवत नाही. वाळवीचे चार पंख चिकटवा आणि शेजारी अळमीसाठी जागा कोरी सोडा. ती जुलैत भरेल.

आता एक पान काळं हवं. मेच्या अखेरीस, हवेत दमटपणा आला की काजवे येतात. काजवा चिकटवायचा कसा? त्याचा उजेड चिकटवा! काळ्या कार्डपेपरवर पांढऱ्या पेन्सिलने एक आडवी रेघ ओढा. ती दहा सेकंद समजा. एकाच काजव्यावर नजर ठेवा. तो लुकलुकला की रेघेवर ठिपका, विझला की मोकळी जागा. लांब चमक असेल तर लांब ठिपका. खाली दुसरी रेघ, दुसरा काजवा. काजव्यांच्या जातींचा लुकलुकण्याचा ताल वेगवेगळा असतो आणि मादी त्या तालावरून आपल्या जातीचा नर ओळखते. उकडत असेल तेव्हा ताल जलद होतो, गारवा आला की मंद. म्हणून पानावर वेळ आणि हवा कशी होती तेही लिहा. विजेरी मात्र बंद ठेवा. आपल्या उजेडात त्यांचं बोलणं बुडून जातं.

आणि तो उजेड येतो कुठून? पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज नावाचं विकर, प्राणवायू आणि पेशीतली ऊर्जा यांच्याशी त्याची गाठ पडली की त्यातून प्रकाश निघतो, जवळपास उष्णतेविना. हा दिवा काजव्याच्या अळीकडेही असतो. ती ओल्या पाचोळ्यात गोगलगायी मारून खाते. म्हणजे झाडावरची दिवाळी बघायची असेल तर झाडाखालचा पाचोळा जाळून चालणार नाही.

वही झाली. पण आता पावसाळा येणार, आणि कोकणातला पावसाळा कागदाला सोडत नाही. चिकटवायची प्रत्येक वस्तू खडखडीत वाळलेली हवी, नाहीतर बुरशी धरते. मैद्याची खळ वापरू नका, कारण तिच्यावर कसर तुटून पडते. ही कसर कोण, माहीत आहे? चंदेरी, सळसळत पळणारा बिनपंखी किडा. किड्यांना पंख फुटण्याच्याही आधी ज्या घराण्याची वाट वेगळी झाली, त्या घराण्यातला. बहुतेक किडे मोठे झाले की कात टाकणं थांबवतात, कसर मरेपर्यंत टाकत राहते. तिची एखादी कात मिळाली तर तीही शेवटच्या पानावर लावा. आणि वही निरगुडीच्या सुक्या पानांसह पत्र्याच्या डब्यात ठेवा.

प्रत्येक पानावर तीन गोष्टी लिहायला विसरू नका: तारीख, गावातली नेमकी जागा आणि झाड. एवढ्याशा नोंदीचं बळ केवढं असतं, हे गोव्यापलीकडच्या कारवारात सिद्ध झालेलं आहे. १८९० च्या दशकात तिथे तीन सरकारी नोकर फावल्या वेळात अळ्या पाळत होते. डेव्हिडसन मुलकी खात्यात, बेल वनखात्यात आणि सातारला जन्मलेले एटकेन मीठ-जकात खात्यात. कुठली अळी कुठल्या झाडावर, कोश कसा, फुलपाखरू कुठलं, हे ते लिहीत गेले आणि उत्तर कानडा जिल्ह्याच्या फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. सह्याद्रीतल्या फुलपाखरांचा अभ्यास करणारे आजही तिच्याकडे वळतात.

सगळं शोधून झालं असेल असं वाटतं? २०२० मध्ये कोकणाचं नाव धारण करणारा ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस हा चतुर विज्ञानाला नव्याने कळला. २०२२ मध्ये आंबोलीजवळच्या चौकुळ गावात सापडलेल्या चतुराला बर्मागोम्फस चौकुलेन्सिस हे नाव मिळालं. दोडामार्गच्याच जिल्ह्यातले, माणसांच्या वाटेवरचे, आणि तरी काल-परवापर्यंत नाव नसलेले! आयफाउंडबटरफ्लाइज आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर तारीख-जागेसह काढलेला फोटो कुणीही देऊ शकतं, शाळकरी मूलसुद्धा.

पुढच्या मे महिन्यात ही वही परत काढा आणि नवी पानं जुन्या पानांशेजारी ठेवा. काजवे यंदा किती दिवस आधी आले? सिकाडाच्या काती त्याच फणसावर मिळाल्या की दुसऱ्या? वळीव लांबला तेव्हा वाळवीचे पंख कधी पडले? तुमच्या खळ्याबद्दलचे हे प्रश्न जगातल्या कुठल्याच ग्रंथात नाहीत. ते विचारणारं आणि सोडवणारं दुसरं कुणी येणार नाही. ते काम त्या घरात सुट्टीला आलेल्या मुलांचंच आहे, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान किड्यांनी आधीच अंगणात आणून ठेवलं आहे.